वीज जाऊन आली की वेक-ऑन-लॅन का बंद पडतं: सीपीयू फॅन, एफ-वन आणि बाकीची कारणं

वेक-ऑन-लॅन म्हणजे नेटवर्कवरून एक ठरावीक संदेश, मॅजिक पॅकेट, पाठवून झोपलेला किंवा बंद पीसी उठवणं. ते बंद पडण्याचं लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. पीसी घरी कोथरूडला, माणूस हिंजवडीच्या ऑफिसात. सोमवार ते बुधवार फोनवरून मॅजिक पॅकेट पाठवलं की पीसी उठतो, रिमोट डेस्कटॉप लागतो, काम होतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, काही तासांनी येते, आणि शुक्रवारी कितीही पॅकेटं पाठवा, पीसी ढिम्म. संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं की सगळं सुरळीत, ते पुढच्या गुरुवारपर्यंत. मग लोक राउटरच्या मागे लागतात, पोर्ट बदलतात, नवं ॲप टाकतात. राउटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. जे बुधवारी चालत होतं त्याचा राउटर गुरुवारी सहसा बिघडत नाही.

फरक पडतो तो पीसीच्या अवस्थेत. रोज आपण तो बंद करत नाही, झोपवतो. एस-थ्री स्लीपमध्ये रॅमला वीज चालू असते आणि तिथून उठताना मदरबोर्ड पूर्ण तपासणी, म्हणजे पोस्ट, करत बसत नाही. वीज गेली की ती झोपही मोडते. त्यानंतरचा स्टार्ट थेट थंड अवस्थेतून होतो आणि तेव्हा बोर्ड सगळं तपासतो: सीपीयू फॅन फिरतोय का, बायोसची, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅमची, सेटिंगं शाबूत आहेत का, कीबोर्ड जोडलाय का. यातलं एक जरी खटकलं तरी काळ्या स्क्रीनवर ‘सीपीयू फॅन एरर, प्रेस एफ-वन’ अशा अर्थाची ओळ येते आणि मशीन कोणीतरी कळ दाबायची वाट बघत राहतं. घरी कोणी नसतं, म्हणून तर वेक-ऑन-लॅन लावलेलं असतं.

आधी कुठे अडकलंय ते ठरवा

घरात कोणी असेल तर फोन करून दोनच गोष्टी विचारा: पीसीच्या मागे लॅनच्या सॉकेटपाशी दिवा लागलाय का, आणि पॅकेट पाठवल्यावर आतले फॅन फिरायला लागतात का.

दिवाच नसेल तर पॅकेट ऐकायला कोणी जागं नाही. स्पाइक बस्टरचं बटण बघा. पुण्यातल्या घरात ‘उगाच लाल दिवा जळतोय’ म्हणून ते बंद करणारं कोणीतरी असतंच, आणि त्याच्यावर बायोसमध्ये उपाय नाही. त्यानंतर एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, मागचा स्विच, मग राउटर किंवा मधल्या नेटवर्क स्विचची वीज, मग बायोसमधलं ई-आर-पी, म्हणजे बंद पीसीचा वीजवापर कमी करणारी सेटिंग.

दिवा आहे पण फॅन हलत नाहीत: नेटवर्क कार्ड ‘सज्ज’ नाही, किंवा पॅकेट त्याच्यापर्यंत पोचत नाही.

फॅन फिरतात पण आत जाता येत नाही: इथे नेटवर्कने आपलं काम केलंय. पीसी एफ-वनवर अडकलाय, किंवा विंडोज सुरू होऊन परत झोपलंय. राउटरच्या क्लायंट यादीत पीसीने नव्याने आयपी घेतलाय का ते पाहा. घेतला नसेल तर विंडोजपर्यंत तो गेलेलाच नाही. फक्त पिंगवर, म्हणजे ‘जागा आहेस का’ या नेटवर्कवरच्या हाकेवर, विसंबू नका; नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही.

सीपीयू फॅन एरर नेमका कशामुळे

फॅन फिरतोय की नाही हे बोर्डाला दिसत नाही. त्याला फक्त तिसऱ्या पिनवरचे ठोके मोजता येतात. पहिली पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी टॅको म्हणजे वेग सांगणारी, आणि चौथी असेल तर पीडब्ल्यूएम म्हणजे वेग ठरवणारी. फॅन एका फेरीत दोन ठोके देतो, म्हणजे ६०० आरपीएमला सेकंदाला २० ठोके. हे ठोके मिळाले नाहीत किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी मिळाले, तर फॅन डोळ्यांदेखत गरगरत असला तरी बोर्डाच्या लेखी तो बंद.

तीन तारांच्या फॅनला साधारणपणे काळी ग्राउंड, लाल १२ व्होल्ट, पिवळी टॅको. चार तारांच्या फॅनला काळी, पिवळी, हिरवी, निळी: इथे पिवळी १२ व्होल्टची असते आणि टॅको हिरवीवर. तारा कापून जोडणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. हल्ली तर चारही तारा काळ्या मिळतात, त्यामुळे रंगावर न जाता कनेक्टरच्या खाचेवरून पिनांचा क्रम लावा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण अगदी साधं आहे. कूलरची वायर बोर्डावरच्या ‘सीपीयू फॅन’ हेडरवर, म्हणजे पिनांच्या जागेवर, नसून शेजारच्या ‘सीपीयू ऑप्ट’वर किंवा ‘सिस्टम फॅन’वर असते. दोन्ही हेडर अर्ध्या इंचावर, अक्षरं बारीक, आणि कूलर बसवताना बोट तिथे शिरत नाही. फॅन दोन्हीकडे फिरतो, पण एररची तपासणी सहसा फक्त ‘सीपीयू फॅन’वर होते. बायोसच्या मॉनिटर पानावर ‘सीपीयू फॅन’समोर शून्य किंवा ‘एन/ए’ दिसत असेल आणि ‘ऑप्ट’समोर आकडा असेल तर वायर बदला.

लिक्विड कूलर असेल तर पंपाची वायर ‘पंप’ हेडरवर आणि रेडिएटरचे फॅन ‘सीपीयू फॅन’वर, असं बहुतेक बोर्डांवर जमतं. ज्या कूलरचे फॅन थेट पॉवर सप्लायच्या साटा वायरवरून वीज घेणाऱ्या हबवर असतात, त्या हबमधून एक टॅको वायर बाहेर येते. ती ‘सीपीयू फॅन’वर जायलाच हवी. हब सहसा एकाच पोर्टचा वेग पुढे कळवतो, बाकीच्यांचा नाही. त्या पोर्टला फॅनच लावला नसेल तर हबवरचे बाकीचे फॅन फिरत असूनही बोर्डाला शून्य दिसतं. पॉवर सप्लायच्या मोलेक्स कनेक्टरवरून थेट वीज घेणाऱ्या स्वस्त फॅनला टॅको नसतोच. असा फॅन सीपीयूवर ठेवायचा असेल तर एरर कायमचा.

वाय-स्प्लिटर घेताना बघा: चांगल्या स्प्लिटरच्या दोनपैकी एका टोकाला तिसरी पिन मुद्दाम काढलेली असते. दोन्ही टोकांना ती असेल तर दोन फॅनचे ठोके एकमेकांत मिसळतात आणि आकडा कधी दुप्पट, कधी निम्मा, कधी शून्य. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन्ही प्रकार शेजारीशेजारी टांगलेले मिळतील. दुकानातच पिना मोजून घ्या. भाराचंही लक्षात ठेवा. साध्या हेडरची मर्यादा सामान्यतः १ अँपिअर असते. १२० मिलिमीटरचा फॅन साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याहून जास्त. दोन फॅन निश्चिंत, तीन लेबल वाचून, त्यापुढे साटा हब. हेडर जळला तर त्यावर कुठलाच फॅन फिरत नाही आणि तोच फॅन दुसऱ्या हेडरवर व्यवस्थित चालतो; ओळखायला एवढं पुरतं.

आता तो प्रकार, ज्यात वायर बरोबर आहे आणि एरर कधी येतो, कधी नाही. तपासायच्या जागा दोन.

पहिली हेडरचा मोड. ‘डीसी’ मोडमध्ये बोर्ड व्होल्टेज कमी करून वेग उतरवतो. ‘पीडब्ल्यूएम’ मोडमध्ये १२ व्होल्ट कायम ठेवून चौथ्या पिनवर साधारण २५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो. तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएम मोडवर लावला तर तो पूर्ण वेगाने ओरडत राहील, पण एरर येणार नाही. उलट प्रकार त्रासाचा: चार पिनांचा फॅन आणि हेडर डीसीवर. ४० टक्क्यांना त्याला ५ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि तेवढ्यावर काही फॅन सुरूच होत नाहीत. मोड ‘ऑटो’वर सोडू नका, फॅनप्रमाणे हाताने निवडा. तापमानाप्रमाणे वेग ठरवणाऱ्या कर्व्हचा सगळ्यात खालचा बिंदूही सुरू होण्यापुरता वर ठेवा. फिरणारा फॅन २० टक्क्यांवर फिरत राहू शकतो, थांबलेल्याला सुरू व्हायला त्याहून जास्त लागतं.

दुसरी कमीत कमी वेगाची मर्यादा. ‘सीपीयू फॅन स्पीड लो लिमिट’ अशा नावाची ही सेटिंग काही बोर्डांवर मुळात ६०० आरपीएमला असते, काहींवर २००ला. शांत कूलर कमी तापमानाला ४००-५००वर फिरतात, म्हणजे ६००च्या मर्यादेत ते कायम नापास. बांधकामाची धूळ खाल्लेला, बेअरिंगमधलं तेल आटलेला फॅन डिसेंबरातल्या थंड सकाळी पहिले काही सेकंद रेंगाळतो, आणि बोर्ड नेमका त्याच सेकंदांत मोजतो. दुपारी तोच पीसी बिनतक्रार सुरू होतो.

मर्यादा २०० करा. यादीत ‘इग्नोर’ही असतं आणि इंटरनेटवर सगळे तेच सुचवतात, पण लांबून चालवायच्या मशीनवर ते लावू नये. समोर बसलेल्या माणसाला फॅन बंद पडल्याचं कानाने कळतं. लांबच्या मशीनवर पहिली खूण म्हणजे सीपीयू १०० अंशांच्या आसपास जाऊन मंदावणं, आणि ते तुम्हाला ‘नेट स्लो आहे’ असं वाटणार. ‘इग्नोर’ लावायचंच असेल, म्हणजे हबमधून टॅको येतच नसेल, तर तापमान ठरावीक आकड्यापुढे गेल्यावर पीसी बंद करणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आधी लावा.

‘वेट फॉर एफ-वन इफ एरर’ ही सेटिंग मात्र बंद करायची. मग बाकीच्या किरकोळ तक्रारींसाठीही, उदाहरणार्थ कीबोर्ड नसल्याच्या, बोर्ड अडून बसत नाही. फॅनची जोडणी आधी दुरुस्त करून मगच ही सेटिंग बंद करा, नाहीतर खरा बिघाड याच्याआड लपेल.

जुना बोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. १९९०च्या दशकाच्या शेवटीच्या आणि त्यानंतरच्या काही बोर्डांवर तीन पिनांचा ‘डब्ल्यूओएल’ हेडर असतो. तो फॅन हेडरसारखा दिसतो, पण त्यावर ५ व्होल्ट स्टँडबाय, ग्राउंड आणि उठवण्याचा सिग्नल असतो. तिथे फॅन लावू नका. तो लॅन कार्डाच्या छोट्या केबलसाठी आहे. पीसीआय २.२पासून स्टँडबायची वीज आणि सिग्नल स्लॉटमधूनच मिळू लागले, तेव्हा ती केबल गेली.

वीज गेल्यावरच सेटिंगं उडतात: बटण सेल

हे सगळं नीट लावूनही पुढच्या गुरुवारनंतर परत तेच झालं, तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल बदला. भिंतीतली वीज चालू असते तोवर बोर्ड स्टँडबायवर जगतो आणि सेलवर भार येत नाही. मेलेला सेल त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही. तो उघडा पडतो तो चार-पाच तास वीज गेल्यावरच. मग बायोस मूळ सेटिंगांवर जातं: वेक-ऑन-लॅन बंद, फॅनची मर्यादा परत ६००, एफ-वनची वाट बघणं चालू. शिवाय सेटिंगं उडाल्याची स्वतंत्र तक्रारही त्याच एफ-वनवर थांबते. सुरू झाल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे दिसलं तर निदान झालंच. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो, २.८च्या खाली असेल तर विचार न करता बदला. बदलताना वायर भिंतीतून काढा, आणि नंतर बायोसची सगळी सेटिंगं परत भरून पानांचे फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केल्यावरही तेच फोटो लागतात.

कार्ड सज्ज होणं

अनेक बोर्डांवर नेटवर्क कार्डाला ‘पॅकेट आलं तर उठव’ हे ड्रायव्हर सांगतो, पीसी झोपताना किंवा बंद होताना. वीज गेली की ही सूचना पुसली जाते. वीज परत आल्यावर लॅनचा दिवा लागेलही, पण कार्ड पॅकेटकडे दुर्लक्ष करील, जोवर विंडोज एकदा सुरू होऊन नीट झोपत नाही. म्हणून बायोसमध्ये ‘रिस्टोअर एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ ठेवा. ‘लास्ट स्टेट’ इथे भरवशाचं नाही. पीसी आधी बंद असेल तर तो बंदच राहतो आणि कार्डही सज्ज होत नाही. ‘पॉवर ऑन’मुळे वीज येताच पीसी स्वतःहून सुरू होईल, विंडोज लोड होईल, ठरलेल्या वेळाने झोपेल आणि झोपताना कार्ड सज्ज करील. अर्थात मध्ये एफ-वन आला नाही तर. फॅनचं काम आधी करायला सांगितलं ते यासाठीच.

वीज येताना दोन-तीनदा भकभकत असेल तर लहान यूपीएस लावा, आणि राउटरही त्याच्यावर घ्या.

बायोसमधली बाकी दोन: ई-आर-पी बंद, कारण ते बंद अवस्थेतला वीजवापर अर्ध्या वॉटच्या खाली आणताना लॅनचीही वीज कापतं. आणि वेक-ऑन-लॅन चालू. त्याचं नाव प्रत्येकाकडे वेगळं: असुसकडे ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’, एमएसआयकडे ‘रिझ्यूम बाय पीसीआय-ई’च्या जवळपास काहीतरी, गिगाबाइटकडे सरळ ‘वेक ऑन लॅन’.

विंडोजच्या बाजूने

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर तिन्ही चौकटींत खूण: वीज वाचवायला बंद करू देणं, पीसी उठवू देणं, आणि फक्त मॅजिक पॅकेटने उठवणं. पहिली काढली की खालच्या दोन्ही करड्या होतात, त्यामुळे ‘बंद करू देणं’ वाचून घाबरू नका. ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ चालू, ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ बंद. रिअलटेक कार्ड असेल तर ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ चालू आणि ‘ग्रीन इथरनेट’ बंद.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शटडाउन’ हे खरं शटडाउन नसतं, अर्धवट हायबरनेट असतं, आणि त्यात विंडोज कार्डाला मुद्दाम सज्ज करत नाही. दूरून चालवायच्या पीसीला मी तरी शटडाउनपेक्षा स्लीपच सुचवीन.

याच्या पुढचा सापळा फार कमी लोकांना माहीत असतो. पॅकेटने उठलेल्या पीसीपाशी कोणी कीबोर्ड-माउस हलवला नाही, तर विंडोज त्याला ‘कोणी नसताना उठलेला’ मानतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे दोन मिनिटांत परत झोपवतं. तुम्ही रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड शोधेपर्यंत तो गेलेला असतो. पॉवर ऑप्शन्समधली ‘सिस्टम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट’ ही सेटिंग मुळात लपवलेली असते. रजिस्ट्रीतून किंवा पॉवर-सीएफजी या विंडोजच्या कमांडने उघडी करून १५ मिनिटं ठेवा.

घरातून उठतो, बाहेरून नाही

मॅजिक पॅकेट म्हणजे सहा वेळा एफएफ आणि त्यापुढे पीसीचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, १६ वेळा, एकूण १०२ बाइट. ते घरच्या नेटवर्कमध्ये सगळ्यांना उद्देशून ओरडलं जातं आणि अशी हाक राउटर ओलांडत नाही. पोर्ट ९ पीसीच्या आयपीकडे फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून आलेलं पॅकेट राउटरने तिकडे ढकललं, तर झोपल्यावर काही मिनिटंच चालतं. राउटरच्या एआरपी यादीतून, म्हणजे कुठला आयपी कोणत्या मॅकचा या यादीतून, झोपलेल्या पीसीची नोंद पुसली गेली की तो आयपी कोणाचा हेच त्याला आठवत नाही. ‘लगेच केलं तर उठतो, संध्याकाळी नाही’ या तक्रारीचं कारण हेच. राउटरमध्ये आयपी-मॅक बाइंडिंग असेल तर ते लावा.

त्याआधी राउटरच्या वॅन पानावरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल, किंवा बाहेरून दिसणाऱ्या आयपीपेक्षा वेगळा असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच आयपी अनेक घरांत वाटलाय, आणि पोर्ट फॉरवर्ड कधीच चालणार नाही. मग घरात कायम चालू असणारं एक छोटं यंत्र ठेवा, रास्पबेरी पाय किंवा चार्जरवरचा जुना अँड्रॉइड फोन. त्यावर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात सुरक्षित शिरायची वाट, लावा आणि पॅकेट त्याच्याकडूनच पाठवा. ॲनीडेस्क आणि टीमव्ह्यूअरची उठवण्याची सोयही अशीच चालते. त्याच नेटवर्कात दुसरं जागं यंत्र नसेल तर ती बटणं शोभेची.

गुरुवारची वाट न बघता तपासणी

पीसी नीट झोपवा, मग स्पाइक बस्टर बंद करून दहा मिनिटं थांबा. एसएमपीएसमध्ये साठलेली वीज उतरायला एवढा वेळ भरपूर होतो. कीबोर्ड आणि मॉनिटर काढा. वीज चालू करा आणि हात लावू नका. पीसी आपणहून सुरू होऊन राउटरच्या यादीत दिसला पाहिजे. मग तो झोपू द्या आणि वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून पॅकेट पाठवा. यात कुठे अडकलं तर मॉनिटर जोडून स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. सेलची खरी परीक्षा दहा मिनिटांत होत नाही. त्यासाठी रात्रभर वायर काढून ठेवावी लागते.

आणि उलटी तक्रार, पीसी रात्री-अपरात्री आपोआप उठण्याची: पॉवर-सीएफजीला ‘लास्टवेक’ विचारा. नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर ‘पॅटर्न मॅच’ अजून चालू आहे किंवा तिसऱ्या चौकटीत खूण करायची राहिलीय. माउसचं नाव आलं तर त्याचा उठवण्याचा अधिकार काढून टाका. टेबलाला धक्का लागला तरी तो पीसी उठवतो.